बिट्टू नावाचे दोन इसम

वसुबारसेला संध्याकाळी पुण्याहून नात आली. बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आबा, लक्ष्मीपूजनाला 'थामा' लागतोय. भाऊबीज झाली की आपण जाऊ. पण त्याआधी तुम्हाला मागचे बघावे लागतील."

मी विचारलं, मागचे म्हणजे किती? त्यावर ती जरा थांबली. "तेच तर अवघड असतं. काही धरायचे, काही नाही धरायचे."

आता हे वाक्य माझ्यासमोर बोलायला नको होतं. मी तलाठी होतो. उभा जन्म 'ही नोंद धरायची की नाही' या एका प्रश्नावर गेला. निवृत्तीनंतर सावेडीत, पाइपलाइन रोडला घर बांधलं. तेव्हापासून दूधवाल्याचं खातं सोडलं तर कसली नोंद हातून झाली नव्हती. कपाटातून लांबडी वही काढली, पट्टीने रकाने आखले. चित्रपटाचं नाव, साल, कब्जेदार, इसमांची नावं, शेवटी 'इतर हक्क'. नात म्हणाली, "आबा, यात कॅनन काय ते लिहायचं फक्त." कॅनन म्हणजे कॅमेरा, एवढं मला ठाऊक होतं. मी इमानेइतबारे एक रकाना वाढवला: 'कॅमेरा कोणता'. ती सोफ्यावर पालथी पडून हसली. कॅनन म्हणजे जे धरलं जातं ते. आमच्या भाषेत प्रमाणित नोंद. रकाना खोडला. पहिल्याच पानावर खाडाखोड!

मग तिने मला 'युनिव्हर्स' समजावलं. तिकडे अमेरिकेत मार्व्हलने 2008 मध्ये 'आयर्न मॅन' काढला. चित्रपट संपला, नावांची यादी सरकली आणि त्यानंतर निक फ्युरी नावाचा एक डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस आला नि म्हणाला, तू एकटाच नाहीस. झालं. तेव्हापासून एका चित्रपटाचा माणूस दुसऱ्याच्या चित्रपटात पाहुणा जातो. शिवार मोठं, गट वेगवेगळे, पण खातं सामाईक. आपल्याकडे तसं भुताखेतांचं खातं दिनेश विजान यांच्या मॅडॉक कंपनीने उघडलंय. मी वहीवर मथळा घातला: 'सामाईक खाते, मौजे भुताटकी'.

पहिल्या रात्री 'स्त्री', 2018. चंदेरीचं नाव ऐकून आमची ही भाजणी अर्धवट टाकून आली. साड्या दिसतील या आशेने बसली आणि भूत बघून उठली नाही. मी मात्र लिहीत होतो. विकी, बिट्टू, जना, रुद्र. श्रद्धा कपूरच्या पात्राला नावच नाही! मी दोनदा मागे नेऊन बघितलं. नावाशिवाय नोंद कशी घालायची? 'एक अनोळखी स्त्री' असं लिहून सही केली. नात म्हणाली, "सही कशाला?"

दुसऱ्या दिवशी ती आकाशकंदील आणायला गेली होती. म्हटलं, तोवर आपण एक गट मोजून ठेवू. शोधताना 'रूही' सापडला, 2021 चा. निर्माते विजानच. नायक राजकुमार रावच, जो 'स्त्री'त विकी होता. गोष्ट पुन्हा बाईच्या भुताचीच. कब्जेदार तोच, वहिवाट तीच, चतु:सीमा जुळतात. मी ठसठशीत अक्षरात क्रमांक दोनला 'रूही' चढवला आणि कंदील टांगायच्या आधी तिला वही दाखवली.

"आबा! हा नाही धरत!"

"अगं, हा विकीच आहे की."

"तो विकी नाहीये. तो भवरा पांडे आहे. तोंड तेच, माणूस दुसरा."

म्हणजे तोंड बघायचं नाही, नाव बघायचं. हा नियम मी समासात लिहून खाली दोन रेघा मारल्या. तेवढ्यात तिने दुसरा दाखला दिला. मार्व्हलचा हल्क 2008 मध्ये एडवर्ड नॉर्टन होता, 2012 पासून मार्क रफालो. तोंड बदललं, तरी माणूस तोच, आणि नॉर्टनचा चित्रपट धरतात. मी समासाकडे बघत राहिलो. नियम खोटा नव्हता, पण तलाठ्याच्या पोटात गोळा आणणारा होता. इकडे तोंड तेच असून खातं वेगळं, तिकडे तोंड बदलून खातं तेच. माझ्या सज्जात असं झालं असतं तर मी निलंबित झालो असतो.

तिसरी रात्र 'भेडिया', 2022. अरुणाचलचं जंगल, लांडगा झालेला वरुण धवनचा भास्कर. आणि त्याच्याबरोबर कोण? जना! 'स्त्री'तलाच. मी इतक्या जोरात "जना!" ओरडलो की शेजारच्यांनी गॅलरीत येऊन काय झालं विचारलं. चित्रपट संपला, नावं सरकायला लागली, मी उठून दिवा लावला. नातीने मला बाही धरून खाली बसवलं. नावांच्या मध्येच विकी आणि बिट्टू आले. म्हणजे बांध फोडून दोन्ही गट एक झाले, तेही कधी, तर लोक चपला शोधत असताना. आमच्या कामात खरा मजकूर दस्ताच्या शेवटच्या पानावर, मुद्रांकाच्या मागे बारीक अक्षरात असायचा. तो वाचायची सवय मला होती. इथे मी दिवा लावून मोकळा.

शेवटच्या एका गाण्यात श्रद्धा कपूरही नाचून गेली होती. गाणं धरायचं का? यावर नात पहिल्यांदाच गप्प झाली. मी तोडगा काढला: पोटखराबा. क्षेत्रात मोजायचा, आकारणी करायची नाही. तिला शब्द आवडला. पोटखराबा म्हणजे गटातली खडकाची, नाल्याची जागा, असं तिला समजावताना मला दोन मिनिटं शहाणं वाटलं.

ती दोन मिनिटं 'मुंज्या'त गेली. हा 2024 चा, दिग्दर्शक आपले आदित्य सरपोतदार, गोष्ट कोकणातली, सुरुवात 1952 ची. नायकाचं नाव बिट्टू. बिट्टू! मी 'स्त्री'तल्या बिट्टूच्या नावापुढे बाण काढला, चंदेरीहून कोकणात स्थलांतर, अशी नोंद घातली. चेहरा दुसरा होता, पण हल्कचा धडा ताजा होता. तोंड बदललं तरी माणूस तोच! मध्यंतरापर्यंत मी वाट बघत होतो की हा आपल्या विकीला फोन कधी करतो. शेवटी नातीचं लक्ष वहीकडे गेलं.

"आबा, हा वेगळा बिट्टू."

"मग दोघांचं नाव एक कसं?"

"असतं एक."

असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. एका गावात एकाच नावाचे तीन इसम, तिघांचे बापही एकाच नावाचे, असलं प्रकरण मी आजोबांच्या नावावरून सोडवलंय. पण इथे आजोबाच नाहीत. बाण खोडला. खाली लिहिलं: बिट्टू नावाचे दोन इसम, परस्परांशी संबंध नाही. तरी 'मुंज्या' खात्यात आहेच, कारण शेवटी नावांच्या गर्दीत भास्कर लांडगा येऊन गेला. या वेळी मी दिवा लावला नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण भीती नव्हे. मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा पिंपळावर बसतो, हे मला माझ्या आजीने सांगितलं होतं. आमच्या गावच्या पिंपळाखालून दिवेलागणीनंतर आम्ही पोरं धोतराचा सोगा वर धरून पळायचो. तो मुंज्या कुणाच्या मालकीचा नव्हता. गायरानासारखा होता, ज्याची गुरं त्याने चारावीत. 'स्त्री'चंही तसंच. रात्री दार वाजवणाऱ्या आणि दारावर 'उद्या ये' लिहिलं की परत जाणाऱ्या बाईची कर्नाटकातली दंतकथा उचलून चंदेरीला नेली. गायरानावर एकाचं नाव चढलं की पुढे हरकत घ्यायला कुणी येत नाही, हे मी नोकरीत बघितलंय. सकाळी हे नातीला सांगितलं. ती म्हणाली, "पण आबा, तुमच्या आजीचा मुंज्या आता मला माहीत आहे ना, तो यांच्यामुळेच." मी चहा ढवळत बसलो. साखर घातलीच नव्हती.

दरम्यान वहीची बातमी गल्लीत पसरली होती. समोरचे निवृत्त फौजदार येऊन म्हणाले, भुतं सोडा, पोलिसांचं खातं लावा. बाजीराव सिंघम, 2011. मग सिंबा, मग सूर्यवंशी. मी उत्साहाने पान उलटलं, तर कळलं सिंघमचं मूळ 2010 च्या तमिळ 'सिंगम'मध्ये आणि सिंबाचं तेलुगू 'टेंपर'मध्ये. आणि 2024 च्या 'सिंघम अगेन'मध्ये शेवटी सलमानचा चुलबुल पांडे डोकावतो. मग 'दबंग' धरायचा का? तो तर परक्या गावचा सातबारा! फौजदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि फराळाचं ताट संपवून गेले. ते पान कोरं आहे.

राहिला 'रूही'. मला तो सुटेना. हरकतीची मुदत आम्ही पंधरा दिवस देतो, नातीने पंधरा सेकंदही दिले नाहीत. तिने मोबाइल पुढे धरला. जानेवारी 2025 मध्ये कंपनीने 2028 पर्यंतच्या आठ चित्रपटांची यादीच जाहीर केली होती. थामा, शक्ती शालिनी, भेडिया 2, चामुंडा, स्त्री 3, महामुंज्या, आणि शेवटी पहिलं महायुद्ध, दुसरं महायुद्ध. 'रूही 2' कुठे नाही. म्हणजे मालकानेच रूहीला पुढे वारस ठेवला नव्हता. आणि इकडे जे जन्मलेच नाहीत, त्यांची वारसनोंद तीन वर्षं आधी! मी 'रूही'वर तांबड्या शाईने रेघ मारली. रेघ मारताना वाईट वाटलं. चित्रपट फार बरा नव्हता, पण नोंद माझी होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं 'थामा'ला गेलो. वही पिशवीत होती. अंधारात लिहिता येत नाही हे तिथे गेल्यावर कळलं. भेडिया आला तेव्हा मी नातीच्या आधी ओळखला आणि मागच्या पोरांना मान वळवून सांगितलंही. "काका, माहितीये," असं उत्तर आलं. शेवटची पाटी सरकून पडदा पांढरा होईपर्यंत मी जागचा हललो नाही. झाडूवाल्या मावशी दोन ओळी झाडून माझ्या पायापाशी येऊन थांबल्या.

रिक्षात आमच्या हिने विचारलं, "थामाचा दिग्दर्शक तोच ना, मुंज्यावाला?"

"तोच. सरपोतदार."

"मग त्याचा तो मराठी, डोंबिवलीत झोंबी येतात तो?"

"झोंबिवली. 2022."

"तो धरलात का?"

मी नातीकडे बघितलं. निर्माते वेगळे, इसम वेगळे, शेवटी कुणी डोकावत नाही. कुठल्याच नियमात बसत नव्हता. नात खिडकीतून बाहेर बघत होती, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांनी हात वर केले होते. घरी आल्यावर वही उघडली आणि 'इतर हक्क'च्या रकान्यात पेन्सिलीने 'झोंबिवली' लिहिला.

"पेन्सिलीने का?" हिने विचारलं.

"आधी बघू तर खरं," मी म्हटलं. तिने भाजणीचं पीठ चाळायचं थांबवलं आणि टीव्हीचं रिमोट शोधायला गेली.