मी आलो, मी आले

"मी पडलो," असं म्हणत सई उठली, गुडघा झाडला आणि पुन्हा सोफ्यावर चढली. वय दोन वर्षं एक महिना. सासूबाई समोर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी जुडी खाली ठेवली.

"जावईबापू, ही पडलो म्हणतेय."

म्हटलं, हो.

"मुलगी आहे ती."

म्हटलं, तेही खरं.

मग दोन दिवस मी कान देऊन ऐकलं. मी आलो, मी जेवलो, मी पाणी पिलो. सगळं पुल्लिंगी. कोल्हापूरला आईला फोन करून सांगितलं, तर तिला त्यात वावगं काय तेच कळेना. "त्यात काय हुतंय? मी बी तसंच म्हणतो की." खरंच की. आमच्याकडच्या बायका सर्रास मी आलो, मी गेलो म्हणतात. जन्मभर कानावर असल्यामुळे मला ते कधी वेगळं म्हणून ऐकूच आलं नव्हतं. पण सईनं हे आजीकडून उचललेलं नव्हतं. आजी आठवड्यातून एकदा फोनवर, तेही "जेवलीस का गं" एवढ्यापुरती. उचललं होतं ते माझ्याकडून.

बायको नर्स. सकाळी सातला बाहेर पडते ती चारला परत. माझं काम संध्याकाळी सहाला सुरू होतं, घरूनच. तेव्हा सात ते चार सई आणि मी, येरवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. दिवसाचे नऊ तास तिच्या कानावर पडणारा "मी" हा माझा होता, आणि मराठीत "मी"च्या मागून येणारं क्रियापद बोलणारा बाप्या आहे की बाई हे बहुतेकदा लगेच सांगून टाकतं.

गंमत म्हणजे त्याच नऊ तासांत मी तिला रीतसर शिकवतही होतो. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता होता, प्राण्यांच्या चित्रांचे पत्ते होते. तक्त्यातलं अ अननसाचा ठीक, गाडीवर कापलेला अननस तिनं पाहिला होता. पण ण बाणाचा? दोन वर्षांच्या मुलीला बाण दाखवायचा कुठे? (तक्ते करणाऱ्यांचाही नाइलाज आहे, ण नं सुरू होणारा शब्द आणणार कुठून.) तीन आठवड्यांत तक्त्यापासून ती एकच गोष्ट शिकली. कोपऱ्यातली चिकटपट्टी नखानं उचकटायची, चिमटीत धरायची आणि सोलत न्यायची. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्या तक्त्याकडून घेण्यासारखं तेवढंच होतं आणि ते तिनं नेमकं घेतलं. बोटांची चिमूट पक्की झाली.

भाषेत तिचं दुसरंही एक काम चालू होतं. "बाबा, मी करलं." "काऊ जाला." आमच्या घरात करलं कोणी म्हणत नाही, जाला तर नाहीच. म्हणजे हे ऐकून आलेलं नव्हतं. धरलं, भरलं, सरलं यांच्यावरून तिनं स्वतःच नियम बसवला होता आणि तो करवर लावला होता. नियम चोख. भाषाच वाकडी. मी दुरुस्त करायला गेलो: "करलं नाही गं, केलं." ती मान डोलावून म्हणाली, "हो. केलं करलं." पुढे मी दुरुस्ती सोडली आणि नुसतं उत्तर द्यायला लागलो. ती म्हणायची, मी करलं. मी म्हणायचो, केलंस? दाखव बघू. शब्द तिच्यापर्यंत पोचायचा आणि बोलणंही तुटायचं नाही. केलं यायला दोन महिने लागले. जाला अजून गेलेला नाही.

या सगळ्यात मला गिजुभाई बधेका भेटले. पेशानं वकील. 1913 साली मुलगा झाला आणि याला वाढवायचं कसं, या प्रश्नापायी वकीलसाहेब माँटेसरी वाचायला लागले. पुढे वकिली सुटली, 1920 साली भावनगरला बालमंदिर निघालं आणि गुजरातीत लोक त्यांना मूछाळी मा म्हणू लागले. आपल्याकडे म्हणायचं तर मिशाळ आई. हे वाचलं तेव्हा मी आरशात बघून घेतलं. त्याच भावनगरला ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ झाला, आणि 1945 साली ताराबाई बोर्डीला आल्या. पुढे कोसबादच्या टेकडीवर त्या आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांना घेऊन बसल्या, तेव्हा माँटेसरीची महागडी लाकडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मापं तीच, रंग तेच, पैसे शून्य.

म्हणून मीही पत्ते माळ्यावर टाकले आणि सईला स्वयंपाकघरात घेतलं. डब्यांना झाकणं बसवणं हे तिचं पहिलं काम. सहा डबे, सहा झाकणं. मोठं झाकण लहान डब्यावर ठेवून ती दाबत बसायची, घसरलं की माझ्याकडे बघायची. मी कांदा चिरत राहायचो. मदत न करणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. हात आपोआप पुढे जातो. मी एक युक्ती केली: तिचं काम चालू असताना माझे हात कणकेत ठेवायचे.

मग मटार आले. हिवाळ्यात शेंगा सोलण्यासारखं काम नाही. शेंग अंगठ्यानं दाबायची, ती टच्च वाजते, आत दाणे ओळीत बसलेले. सई तासभर गुंतायची. त्या दिवशी मी कणीक मळत होतो, म्हणजे पाठ तिच्याकडे. वळलो तर ती एका बोटानं नाक दाबत होती आणि म्हणाली, "बाबा, मटार जाला."

डाव्या नाकपुडीत, आत, हिरवं काहीतरी दिसत होतं. माझी पहिली बुद्धी चिमटा आणण्याची. ती मी ऐकली नाही एवढंच त्या दिवसाचं शहाणपण. उचललं आणि खालच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरीनं पाहिलं, हत्यारं काढलीच नाहीत. म्हणाले, चिमट्यानं काढायला गेलं तर दाणा आत सरकतो. तुम्हीच करा. तिची मोकळी नाकपुडी बोटानं बंद करा, पापा घेतल्यासारखं तोंड तिच्या तोंडावर गच्च लावा आणि एकदाच जोरात फुंका. मी फुंकलं. काही नाही. दुसऱ्यांदा फुंकलं, तेव्हा दाणा शेंबडासकट माझ्या गालावर येऊन चिकटला. सई खदाखदा हसली आणि म्हणाली, "परत."

डॉक्टरांनी घडलं ते हसण्यावारी नेलं नाही. तीन वर्षांपर्यंत दाणे, मणी, शेंगदाणे हातात द्यायचे नाहीत. दिलेच तर समोरासमोर बसायचं, पाठ करायची नाही. बटणासारख्या बारीक बॅटरीचं तर नावच नको, ती नाकात किंवा पोटात गेली तर घरी कसलाही प्रयोग न करता थेट इस्पितळ. तेव्हापासून आमच्याकडे अक्रोड, खारका आणि बांगड्या. कोसबादचे खडे घरी आणताना मी एक गोष्ट विसरलो होतो. तिथे मुलांसमोर कोणीतरी बसलेलं असायचं.

आकड्यांचं थोडक्यात सांगतो. जिन्याच्या पायऱ्या ती एक, दोन, तीन, पाच अशा म्हणते आणि पाय मात्र आपल्या वेगानं पडतात. शब्दाचा पायरीशी काही संबंध नाही. संबंध लागला तो ताटांवर. आईचं ताट, बाबाचं, सईचं. एकदा सासूबाई जेवायला होत्या आणि ताट कमी पडलं. तिनं प्रत्येकाकडे बोट दाखवलं आणि आत जाऊन एकच ताट आणलं. त्या दिवशी ती मोजायला शिकली. चार हा शब्द नंतर आला.

दुपारी आम्ही फिरायला जातो ते जेल रोडनं. डावीकडे येरवडा तुरुंगाची भिंत. 1922 साली त्या भिंतीआड असताना गांधीजींनी मुलांसाठी गुजरातीत एक बाळपोथी लिहिली होती. मला मात्र तिथून जाताना आठवतो तो 2006 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल, आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश. कैदी आईजवळ मूल सहा वर्षांपर्यंत राहू शकतं. तीन वर्षांखालच्यांसाठी पाळणाघर आणि पुढच्यांसाठी बालवाडी हवी, असं त्यात आहे. त्याच निकालात, तुरुंगात वाढणाऱ्या मुलांच्या एका पाहणीचा आधार घेऊन नोंद आहे की रस्त्यावरची जनावरं पाहून ही मुलं घाबरतात. आणि नुसत्या बायकांत वाढल्यामुळे काही मुलगे स्त्रीलिंगी बोलतात. मी आले, मी जेवले. येरवड्यातही महिलांचं कारागृह आहे. सई माझं बोट धरून कुत्र्याला "ये, ये" करत असते आणि मला ते मुलगे आठवतात. तिचं उलटं, पण कारण तेच. मूल आपल्या आसपास असलेल्या माणसांइतकंच बोलतं.

नदीकडे गेलं की बगळे दिसतात. ते "पांढले काऊ". पाखरू म्हणजे काऊ, मग रंग कुठलाही असो. कारण रात्रीची गोष्ट चिऊ-काऊची. पुस्तक नाही, न्हाणीघराचं दार एवढंच साहित्य. ती बाहेरून दार वाजवणार, कारण दार वाजवण्यात मजा आहे. म्हणजे ती काऊ, आणि मी आत चिऊ. चिऊची कामं मी मनाची घालतो: थांब, मी भाकरी थापते. थांब, मी फोन चार्जिंगला लावते. माझ्या तोंडून थापते, लावते ऐकून पहिल्या दिवशी ती गप्प झाली. मग हसली. महिन्याभरानं तिला चिऊ व्हायचं होतं. मी बाहेर उभा राहून म्हटलं, "चिऊताई, दार उघड, मी आलो." आतून उत्तर आलं, "थांब, मी भाकली करते."

मी सासूबाईंना काही कळवलं नाही.

दिवाळीला आई कोल्हापूरहून आली. वर्षभरानं येत होती. जिना चढून दमलेली, एका हातात लाडवांचा डबा. दार सईनंच उघडलं.

"मी आलो गं बाई," आई म्हणाली.

सईनं तिच्याकडे पाहिलं. पदर, कुंकू, हिरव्या बांगड्या, सगळं नीट पाहून घेतलं. "आजी, तू काऊ आहेस?"

"व्हय की," आई म्हणाली.

"मग थांब. बाळ झोपलंय." आणि तिनं दार लावून घेतलं.