खालचा सूर

भिंगारमध्ये संध्याकाळी वारा कॅम्पाकडून आला की लष्करी बँडचा सराव गावात ऐकू येतो. पण सगळा बँड एकदम येत नाही. आधी मोठ्या ढोलाचा ठोका येतो, मागोमाग पितळी ट्यूबाचा घोगरा सूर. क्लॅरिनेटची चाल वाटेतच विरते. खालचे सूर असे लांबचा पल्ला गाठतात, आणि बँडच्या अगदी जवळ उभं राहिलं तर त्यांच्याकडेच कोणाचं लक्ष जात नाही. याची मला फार दिवसांची चुटपुट आहे.

भिंगारशेजारच्या अहमदनगरात १६ एप्रिल १९१८ रोजी ब्रिटिश फौजेच्या तोफखान्यात असलेल्या एका आयरिश माणसाच्या घरी मुलगा जन्मला. टेरेन्स मिलिगन. बालपण पुण्यात आणि रंगूनला गेलं. पुढे बीबीसीच्या ‘गून शो’मुळे जग त्याला स्पाइक मिलिगन म्हणून ओळखू लागलं. पण त्याआधी तो जॅझवाला होता, ट्रम्पेट आणि गिटार वाजवणारा. दुसऱ्या महायुद्धात बापासारखाच तोफखान्यात गेला, तिथंही दोस्तांना घेऊन बँड जमवला. १९४४ मध्ये इटलीत जखमी झाला. लढाई सुटली, वाद्य सुटलं नाही. इटलीतच तिघांचा ताफा उभा राहिला : बिल हॉलचं व्हायोलिन, मिलिगनची गिटार आणि जॉनी मलग्रूचा डबल बेस. फाटके कपडे घालून ते सैनिकांना हसवत आणि जॅझ ऐकवत.

माझं मन त्या मलग्रूपाशी अडतं. ताफ्यात ड्रम नाही, म्हणजे ठेक्याचा सगळा भार त्याच्यावर. माणसापेक्षा उंच वाद्य अंगाशी धरायचं, जाड तारा बोटांनी खेचायच्या, आणि प्रत्येक मात्रेला एक सूर टाकत चालत राहायचं. तो सूर जरा पुढे-मागे झाला की व्हायोलिनची सगळी ऐट कोसळते. आपल्या पोवाड्यात झीलकरी हेच काम करतो, टाळ्या शाहिराला.

असे मागे राहणारे वादक आपल्याकडेही झाले. गोव्यात पोर्तुगीजांच्या चर्चशाळांनी पोरांच्या हाती व्हायोलिन दिलं, स्वरलिपी दिली. त्यांच्यातलेच कितीतरी वादक पुढे मुंबईच्या स्टुडिओत आले. समोर स्वरलिपीचा कागद, ताल दाखवायला अरेंजरचा हात, आणि एका टेकमध्ये अख्खं गाणं. शिफ्टचे पैसे घ्यायचे, दुसऱ्या स्टुडिओकडे धावायचं. रेकॉर्डच्या वेष्टणावर संगीतकार, गीतकार, गायक. वादकाचं नाव बहुधा नाहीच. हा अन्याय होता, आणि तो आपण सगळ्यांनी गाणी गुणगुणत खपवून घेतला.

राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम यांच्या ताफ्यात बेस गिटार वाजवायचे टोनी वाझ. पंचमचं गाणं आता लावाल तेव्हा एकदा तरी आवाजाची गोडी बाजूला ठेवा आणि फक्त खालचा सूर धरून शेवटपर्यंत जा. आणि मुलांना गाणं ऐकवताना गायकाबरोबर वाझांचंही नाव सांगा.