दाराला लावलेला मुद्गल

एक वाक्य मी चार वर्षं वापरलं. सुनेने वरच्या खोलीत डंबेल्स खाली ठेवले की माजघराच्या छताला धप्प असा आवाज येतो. तो आला की समोर जी कोणी बसली असेल तिला मी सांगायची, "आमाले नाही बा कधी जिम लागली. घरकामातच जीव निघे." हळदीकुंकवाला सांगितलं, भिशीत सांगितलं, एकदा तिच्या आईसमोरही सांगितलं. बायका हसायच्या. सून हसायची नाही, आणि उलटून बोलायचीही नाही. आता एकसष्टाव्या वर्षी लिहून टाकते: त्या वाक्यातल्या "आम्ही"मध्ये मी नव्हतेच.

अड्याळ म्हणजे भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं धानाचं गाव. १९८५ साली लग्न होऊन मी इथे आले, तेव्हा या घरात उखळ होतं, जातं होतं, विहिरीवर रहाट होता. ते सगळं मी पाहिलं. ओढलं सासूबाईंनी. मी येऊन दोन-चार वर्षं होत नाहीत तोच गॅस आला, मग मिक्सर, मग विहिरीवर मोटर. धान कांडायला मिल होतीच. पुढे गुडघे कुरकुरायला लागले म्हणून ओटा बांधला, जेवायला टेबल आणलं, आणि शेवटी खुर्चीसारखा संडासही बसवून घेतला. खाली वाकायचं, उकिडवं बसायचं, वजन ओढायचं असं एकेक काम मी स्वतःच घरातून हद्दपार केलं आणि बढाई मात्र सासूच्या घामावर मारत राहिले.

हे कळलं एका कोहळ्यामुळे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवं, आमचं कोहळं म्हणजे तुमचा लाल भोपळा. तुमचा कोहळा, तो पेठ्याचा, आमच्याकडे भुरं कोहळं. आणि सासूबाईंच्या तोंडी दोन्हीत 'ळ' नाहीच, त्या कोहरा म्हणतात, जसा डोळ्याला डोरा. हे नाव मुळात भुऱ्याचं, संस्कृतातल्या कूष्मांडापासून आलेलं. लाल वेल अमेरिका खंडातला, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे रुजलेला. म्हणजे नवं फळ आलं, जुन्याचं नाव घेऊन बसलं, आणि आता पोळ्याला पुरणपोळीशेजारी आणि पितृपक्षात पितरांच्या पानावर त्याच्यावाचून चालत नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या पितरांनी ते कधी चाखलंही नसेल. हे मी एकदा घरी बोलून दाखवलं. ह्यांना आवडलं नाही.

तर पितृपक्ष लागला होता. कुंपणावर चढलेल्या वेलाची पाच कोहळी देठासकट उतरवून ओसरीत ठेवली होती. सर्वांत लहान पुढ्यात घेऊन मी पावशी, म्हणजे तुमची विळी, मांडून खाली बसले. भाजी चिरायला अजून मला खालीच बसायला आवडतं, ओट्यावरच्या सुरीने हात दुखतो. पण अख्ख्या कोहळ्याला पहिली चीर आमच्याकडे बाई देत नाही, पुरुष देतो. म्हणून ह्यांना बोलवायला उठायचं होतं. उठायला काहीतरी धरावं लागतं, हे मला तोवर कधी खटकलंही नव्हतं. पाट सरकवून घ्यायचा, दाराची चौकट गाठायची, "अगं आई गं" म्हणायचं आणि उठायचं, हा रोजचा क्रम. त्या दिवशी चौकटीऐवजी हात मुद्गलावर पडला.

तो मुद्गल सासऱ्यांचा. ते तरुणपणी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आले होते. १९१४ साली निघालेली ही संस्था. तिच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायाम करून दाखवले, ही गोष्ट सासरे दर जेवणाला सांगायचे. ते गेले, एक मुद्गल कुठेतरी गेला, उरलेला वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला लागला. चाळीस वर्षांत तो हातात घेऊन पाहावा असं घरातल्या एकाही बाईच्या मनात आलं नाही. झाडायला म्हणून मी तो पायाने सरकवत आले.

तो घरंगळला. मी बुडावर बसले. लागलं काही नाही, कोहळं मात्र ओसरीच्या पायरीपर्यंत गेलं. सून वरून धावत आली, तिने हात दिला, आणि खरी नामुष्की तिथे झाली: तिच्या हातानेही मी एका दमात उठू शकले नाही. पाय होते, त्यात दुखणं नव्हतं, सूज नव्हती. जोर नव्हता.

ती तेव्हाही काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र खुर्ची भिंतीला टेकवून म्हणाली, "आई, बसा. हात छातीवर. तीस सेकंदांत किती वेळा उठता ते पाहू." आठ वेळा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यात साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांसाठी बारापेक्षा कमी आकडा कमजोर धरतात, हे तिने नंतर सांगितलं. मला आकडा झोंबला नाही. झोंबलं ते असं, की आठव्या वेळी मी मनात म्हणत होते, कोणी पाहत तर नाही ना.

डंबेल्सना हात लावायला मी तयार नव्हते. चार वर्षांची जीभ आड येत होती. तेव्हा तिनेच तोड काढली. धानाच्या काट्यावर पाचही कोहळी तोलली. सर्वांत लहान साडेतीन किलोचं, सर्वांत मोठं नऊचं. "हे छातीशी धरा, बाळ धरल्यासारखं. खुर्चीला टेकायचं आणि उठायचं. आठदा. मग थांबा. असं तीनदा." सोमवारी साडेतीन किलोचं कोहळं कवटाळून मी चोवीस वेळा उठले-बसले. भिंतीवर हात टेकून दंड काढले, तेही उभ्याने. पाण्याच्या दोन कॅन दोन हातांत घेऊन अंगणात चार फेऱ्या. ह्यांनी पेपर खाली केला, पाहिलं आणि परत वर केला.

मंगळवारी त्याच कोहळ्याची भाजी झाली. देशी कोहळ्याची साल काढायची नाही, मोठ्या फोडी, तेलात मेथीदाणा काळा होऊ न देता लाल करायचा, वाळल्या मिरच्या, फोडी, तिखट-मीठ, आणि वर ताटलीत पाणी ठेवायचं. आत थेंब पाणी घालायचं नाही. कोहळं स्वतःच्या वाफेत शिजतं. फोड बोटाने दबली की गूळ, नंतर भाजलेली खसखस वाटून, वरून सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. उतरवून पंधरा-वीस दिवस ठेवलेलं कोहळं ताज्यापेक्षा गोड लागतं, कारण आतल्या पिठूळपणाची हळूहळू साखर होते. गूळ म्हणून हात राखून घालावा. हे सगळं उभ्याने करताना मांड्या अशा भरून आल्या होत्या की जिन्याच्या तीन पायऱ्या मी उलट्या उतरले.

बुधवारी बोंडं. कीस गुळात शिजवून गार केला, मावेल तेवढी कणीक, चिमूटभर मीठ, तीळ. खाताना मी म्हणाले, आता ताकद येईल बघा. सून हसली, चार वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी. म्हणाली, "आई, ताकद कोहळ्यात नाही." आणि हिशेब मांडला. शंभर ग्रॅम कोहळ्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मापाने वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे माझ्या अठ्ठावन्न किलोंना साधारण अठ्ठेचाळीस. माझा दोन वेळचा भात, पातळ वरण, दोन पोळ्या, चहातलं दूध आणि वाटीभर कोहळं मिळून पस्तिशीच्या आसपास. पितृपक्षात अंडी-मासे बंद. धानाच्या जिल्ह्यातली आम्ही माणसं भाताने पोट भरलं की जेवण झालं समजतो. वरण तर भात ओला होण्यापुरतं. माझं दुसरं मत तिथे पडलं, आणि हे पडताना जास्त दुखलं, कारण स्वयंपाक हा माझा प्रांत होता.

कोहळ्याची थोडी लाज राखली ती बियांनी. सोललेल्या बीच्या शंभर ग्रॅममध्ये तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. आजवर त्या मी शेणखतात टाकायची. आता धुऊन, सुपात वाळवून, तव्यावर तडतडेपर्यंत भाजते. सोलायचा कंटाळा येतो हे खरं. आणि वरण घट्ट झालं आहे. ह्यांनी विचारलं, डाळ स्वस्त झाली काय?

गुरुवारी पाच किलोचं कोहळं उचललं, शुक्रवारी चण्याची डाळ घालून ते रांधलं. इथे एक घोटाळा माझ्या लक्षात आला. मिलो नावाच्या ग्रीक पहिलवानाची गोष्ट सून सांगते, तो रोज एक वासरू उचलायचा, वासरू वाढत गेलं तसा त्याचा जोर वाढला. व्यायामाचं सूत्र तेच, वजन हळूहळू वाढवायचं. पण माझं वासरू मी दुसऱ्या दिवशी खात होते. दर वेळी पुढचं, मोठं घ्यावं लागायचं, आणि आठवडा संपता संपता ओसरी रिकामी होत आली. असं वजन वाढवायला भाग पाडणारी जिम कुठे नसेल.

सासूबाई खाटेवरून हे सगळं पाहत होत्या. ब्याऐंशी वय, कंबरेतून वाकलेल्या. मला वाटलं, त्या माझ्या जुन्या वाक्याची बाजू घेतील, वाक्य मुळात त्यांचंच. मी विचारलं, "आई, तुमच्या वेळी तर कांडण-दळणातच ताकद येत होती ना?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताकद येत असती त कंबर काहून वाकली असती वो? काम करासाठी ताकद लागे, थे जाये. भरून कोन देत होता?" मग मुद्दाम आठवण करून दिल्यासारखं, "तुहा सासरा मुद्गल फिरवून आला का दूध पेये. मी जात्यावरून उठली का चुलीपाशी बसो."

सून जे दोन दिवस समजावत होती ते सगळं यात होतं. स्नायू वजनाने ताणला जातो, पण वाढतो तो नंतर, विश्रांतीत आणि खाल्लेल्यात. सासूबाईंना वजन भरपूर मिळालं, बाकी दोन्ही मिळालं नाही. मला बाकी दोन्ही मिळालं, वजन मिळालं नाही. एकाच घरातल्या दोन बायका, एक झिजून वाकली आणि एक न वापरल्याने, आणि दोघींच्या नावाने मी एकच वाक्य फेकत होते.

म्हणून रोवणीच्या बायांसमोर मी हा विषय काढत नाही. दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईला, संध्याकाळी कोहळं कवटाळून ऊठबस कर असं सांगायला माझी जीभ रेटत नाही, आणि रेटू नये. तिला आधी वरण घट्ट मिळू दे, एक दिवस पाठ टेकायला मिळू दे. माझं मत माझ्यासारख्यांपुरतं बदललं आहे: ज्यांच्या घरी मोटर आहे, मिक्सर आहे, आणि तोंडात सासूचं वाक्य आहे.

सासूबाईंना मात्र सुनेने सोडलं नाही. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, तर पायांतला जोर सरासरी १७४ टक्क्यांनी वाढला, म्हणजे पावणेतीनपट झाला, हे तिने त्यांना आमच्या इकडच्या झाडीबोलीत सांगून पाहिलं. सासूबाईंना बोस्टन कुठे आहे याच्याशी घेणं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, थे बुढे कामून उठत होते? पण आता दोन्ही वेळा जेवणाआधी खाटेवरून हात न टेकता उठायचा त्या प्रयत्न करतात. कधी एकदा जमतं, कधी दोनदा.

सर्वपित्रीला नऊ किलोचं उरलं होतं. पितरांच्या पानावर बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या शेंगा, कढी, वडे, खीर, आणि हे. मी पाय फाकवून, पाठ सरळ ठेवून ते जमिनीवरून उचललं आणि ओसरीतून माजघरात आणलं. बसले नाही, काही धरलं नाही. मग सुरी ह्यांच्या हातात दिली. सुनेने भुवई वर केली. पहिली चीर मी देईन असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, "तेवढं राहू दे." का, ते मला तिला सांगता आलं नाही. एका आठवड्यात दोन मतं गेली होती, तिसऱ्याची घाई नव्हती.

दाराला आता अर्धी वीट आहे. मुद्गल वर गेला. खाली आठ वेळा उठणारी मी परवा बारा वेळा उठले आणि त्याच तोऱ्यात वर जाऊन मुद्गल दोन्ही हातांनी उचलला, डोक्यामागून एक फेरा घेतला, दुसऱ्याला मनगट हललं आणि तो निसटून पडला. माजघराचं छत दणाणलं असणार. खालून सासूबाईंचा आवाज आला, "कोन वो? काय पाडलीस?"

"मी जी, आई. काही नाही."

"कोहरा फोडू नको वो. उद्याले भाजी कायची करशीन?"