वर यायची वाट

पाणी दिसलं की त्यात उतरावंसं वाटणं हा माणसाचा फार जुना स्वभाव आहे. पण कोणत्या पाण्यात उतरावं हे ठरवताना आपण साडीखरेदीइतकीही चिकित्सा करीत नाही. साडीचा पोत बघतो, पदर उलटून बघतो, धुतल्यावर रंग जाईल का तेही विचारतो. पाण्याचा मात्र नुसता रंग बघतो. निळं दिसलं की झालं!

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत अंदमानला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात हेच झालं. एके काळी या बेटांचं नाव काढलं की मराठी माणसाला 'काळं पाणी' आठवे. १९११ साली सावरकरांना याच पाण्यावरून नेलं. आता त्याच पाण्याची निळीशार चित्रं प्रवासी कंपन्यांच्या पुस्तिकांत झळकतात. सेल्युलर जेलपुढे डोकं टेकवायचं, यावर आमच्यात मतभेद नव्हता. वाद होता तो पुढच्या तीन दिवसांचा. ते हॅवलॉक बेटावर काढायचे होते. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप झालं आहे. तिथे किनारे पुष्कळ आणि आमचे दिवस तीन. सौभाग्यवतींना राधानगरचा किनारा हवा होता, कारण 'टाइम' साप्ताहिकाने २००४ साली त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. मुलीला प्रवाळ आणि मासे बघायचे होते. मला कुठेही चालणार होतं, आणि ज्याला कुठेही चालतं त्याला घरात कुणी विचारीत नाही.

बरोबर येणारे चौथे गृहस्थ म्हणजे माझे चुलते, अण्णा. सत्तरी ओलांडलेले, आणि समुद्र एकदाही न पाहिलेले.

अण्णा लोणी भापकरचे. बारामती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो, पण आमचं गाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या जिरायत पट्ट्यातलं. आभाळाकडे बघत पेरणी करायची, ही तिथली रीत. गंमत अशी, की या कोरड्या गावाचं भूषण म्हणजे पाणीच. मल्लिकार्जुनाच्या देवळासमोर पायऱ्यापायऱ्यांची दगडी पुष्करणी आहे, आणि यज्ञवराहाची मूर्ती आहे. समुद्रात बुडालेली पृथ्वी वर काढणारा हा देव आम्ही समुद्रापासून इतक्या लांब, माळरानावर सांभाळला आहे!

गावातल्या दोन पिढ्यांना अण्णांनी विहिरीत पोहायला शिकवलं. मलाही. पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधायचं आणि वरून ढकलायचं, एवढीच त्यांची अध्यापनपद्धती. मात्र ढकलण्याआधी ते तीन प्रश्न विचारीत. "तळ कुठं हाय? वर यायची वाट कुठं हाय? आन् काठावर कोन हाय?" तिन्हींची उत्तरं आल्याशिवाय कुणाला पाण्यात पाय घालू देत नसत. "पानी बघून उडी मारू नगं, वाट बघून मार," हे त्यांचं वाक्य आमच्या पिढीला पाढ्यांसारखं पाठ आहे.

बोटीतून स्वराज द्वीपावर उतरल्यावर अण्णांनी हेच तीन प्रश्न समुद्राला लावले आणि आमचा वाद एका दिवसात निकाली निघाला.

पहिला गेला काला पत्थर. पूर्वेकडचा, सकाळच्या उन्हात फार देखणा. पण पाण्याखाली जागोजाग खडक. "ह्यो बघायचा. उतरायचा न्हाई," असा निकाल झाला. राधानगरला मऊ वाळू, लांबरुंद किनारा आणि काठावर जीवरक्षक. तिन्ही उत्तरं आली. पण हा किनारा पश्चिमेला उघडा, म्हणून लाटा मोठ्या. इथे डुंबायचं, लाल निशाण असेल तिथे जायचं नाही, आणि पाचच्या सुमाराला मावळणारा सूर्य बघायचा. मासे बघायला मात्र हे पाणी नव्हे. लाटांनी वाळू ढवळली की पाण्याखालचं काही दिसत नाही.

तिथेच जीवरक्षकाने अण्णांना एक गोष्ट समजावली. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला एखादी अरुंद वाट शोधतं. त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो आणि आत ओढला जातो. अशा वेळी किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही. ओढ सुटेपर्यंत किनाऱ्याला समांतर पोहायचं आणि मग बाहेर यायचं. अण्णा बराच वेळ त्या शांत पट्ट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी वर यायची वाट हाय, पन आडवी हाय."

किनाऱ्याच्या एका टोकाला खाडी आहे. तिकडचं पाणी संथ दिसतं, म्हणून सौभाग्यवतींचा ओढा तिकडे होता. पण २०१० साली त्याच बाजूला नळी लावून पोहणाऱ्या एका अमेरिकन तरुणीला मगरीने ओढून नेलं होतं. मी हे सांगितल्यावर त्या आपल्या जागी परत येऊन बसल्या.

माशांसाठी निवडला तो एलिफंट बीच. तिथे बोटीने जायचं किंवा जंगलातून चिखल तुडवत. प्रवाळ किनाऱ्यापासून जवळच. पाणी उथळ, आणि रबरी कडं धरून बरोबर पोहणारा वाटाड्या. भरतीओहोटीची वेळ मात्र विचारून घ्यावी लागते. पाणी उतरलं की प्रवाळ अंगाला लागतो. आपल्याला खरचटतं आणि तोही मोडतो. तो दगडासारखा दिसला तरी जिवंत असतो, त्याच्यावर पाय ठेवायचा नसतो.

अण्णांच्या डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी बसवली. पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायचा, हे त्यांना अधर्मासारखं वाटलं. साठ वर्षं त्यांनी पाण्याखाली श्वास रोखायलाच शिकवलं होतं. दोनदा नळी थुंकून ते उभे राहिले. तिसऱ्यांदा पालथे झाले आणि तसेच राहिले. वाटाड्या कडं ओढत होता, आणि त्यांची पांढरी पाठ पाण्यावर संथ तरंगत होती. ते वर आले तेव्हा मुलीने विचारलं, "आजोबा, काय दिसलं?"

"तळ दिसला गं," ते म्हणाले.

माशांचं, रंगांचं नावही नाही. विहिरीच्या हिरव्या पाण्यात जन्मभर ज्याने तळ पायाने चाचपला, त्याला तो डोळ्यांनी दिसला होता. ओठांवरून पाणी निथळत मान वर काढलेले अण्णा पाहून मला आमच्या गावचा वराह आठवला.

त्या रात्री जेवताना ते फारसं बोलले नाहीत. मग म्हणाले, "पानी इतकं निळं म्या आदी येकदाच बघितलंय. आपल्या तळ्यात."

मला ते लगेच कळलं. आमच्या जिरायत भागात आता ठिकठिकाणी शेततळी झाली आहेत. त्यांनी बागा जगवल्या, हे खरं. पण प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या त्या तळ्यांतलं पाणी उन्हात अंदमानसारखंच निळं दिसतं, आणि बाजू इतक्या निसरड्या असतात की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. ना पायरी, ना कपार. दर उन्हाळ्यात अशा तळ्यात मुलं बुडाल्याची बातमी कुठून ना कुठून येते. चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वस्तीवर असाच एक मुलगा गेला. त्याला पोहायला अण्णांनीच शिकवलं होतं. त्याला पोहणं येत होतं. त्या तळ्याला वाटच नव्हती.

समुद्राला भिऊन त्याचे नियम आपण निमूटपणे ऐकतो. निशाण बघतो, जाकीट घालतो, वाटाड्याचा हात धरतो. घरामागच्या पाण्याला मात्र आपण काहीच विचारीत नाही, कारण ते आपलं असतं.

गावी परतल्यावर अण्णांनी पहिलं काम केलं ते हे. जाड सोलाच्या चार दोऱ्या आणल्या, हातहात अंतरावर गाठी मारल्या, आणि तळ्याच्या चारही बाजूंनी काठावरच्या खांबांना बांधून पाण्यात सोडल्या. हवा भरलेली ट्रकची एक ट्यूबही वर तरंगत ठेवली. मग शेजारच्या तळ्यांवर गेले. हा म्हातारा अंदमानला जाऊन दोऱ्या बांधायला शिकून आला, म्हणून लोक हसले. हसता हसता सातआठ जणांनी बांधून घेतल्या.