अडलेली बंदूक

यंत्र अडलें म्हणजे माणूस प्रथम दोष शोधीत नाहीं, दोषी शोधतो. ही गोष्ट आम्हांस कोणा ग्रंथानें शिकविली नाहीं. ती एका नव्या कोऱ्या बंदुकीनें शिकविली, आणि त्या शिकवणीचें मोल दुसऱ्यासच भरावें लागलें.

साल १९६६. आम्ही पलटणींत नुकतेच दाखल झालेले अधिकारी होतों. १९६२ सालीं चीनशीं झालेल्या युद्धांत आपले बहुतेक शिपाई .३०३ ची जुनी रायफल घेऊन लढले होते. तिचा बोल्ट प्रत्येक गोळीमागें हातानें ओढावा लागे. तिच्या जागीं आतां मूळ बेल्जमच्या घडणीची ७.६२ मिलिमीटरची रायफल येत होती. शिपाई तिला 'एस्. एल्. आर्.' म्हणत. मॅगझीनमध्यें २० काडतुसें. एक गोळी सुटली कीं दुसरी आपोआप तयार. नव्या सुनेचें व्हावें तसें तिचें पलटणींत कौतुक झालें.

पहिल्याच चांदमारीस सातारा जिल्ह्यांतील एका जवानाची बंदूक दोन-तीन गोळ्यांनंतर अडूं लागली. कधीं रिकामी पुंगळी खिडकींतच चिमटली जाई. कधीं ती बाहेर पडे, पण नवें काडतूस नळींत चढत नसे. आम्हीं बंदुकीकडे पाहिलें नाहीं, त्याच्याकडे पाहिलें. "साफ केली नाहींस!" तो म्हणाला, "केली, साहेब. ती मधेंच दम टाकते." हें उत्तर आम्हांस उद्धट वाटलें. दुसऱ्याची बंदूक डोक्यावर धरून मैदानाला दहा फेऱ्या मारण्याची शिक्षा आम्हीं फर्मावली.

आमचे वस्ताद वयानें वडील आणि हुद्द्यानें खालचे होते. ते हलक्या आवाजांत म्हणाले, "साहेब, माणसाला मागाहून विचारूं. आधीं बंदुकीला विचारूं या."

विचारण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, दोन नाहींत. प्रथम त्यांनीं शेजारच्या बंदुकीचें मॅगझीन लाविलें, अडथळा कायम. त्याच पेटींतलीं काडतुसें दुसऱ्या बंदुकींत घातलीं. तीं बिनतक्रार सुटलीं. म्हणजे दोष ना मॅगझीनचा, ना काडतुसांचा. मग त्यांनीं खालीं वांकून पुंगळ्या पाहिल्या. इतरांच्या पुंगळ्या लांब उडाल्या होत्या. या बंदुकीच्या मात्र पायांशींच मलूल पडल्या होत्या. "हिला वायु कमी पडतो," ते म्हणाले.

या बंदुकीचा सारा कारभार वायूवर चालतो. गोळी नळींतून जात असतां तिच्यामागच्या तप्त वायूचा थोडा भाग एका बारीक छिद्रांतून वर येतो आणि दट्ट्यास मागें लोटतो. दट्ट्या बोल्टला लोटतो व पुंगळी बाहेर उडते. मग दस्त्यांतील स्प्रिंग बोल्टला पुढें ढकलते, आणि जातां जातां तो वरचें काडतूस नळींत सारतो. धक्का अपुरा पडला, तर बोल्ट काडतुसाच्या मागें पोंचतच नाहीं. जवान म्हणाला होता तें अक्षरशः खरें होतें. बंदूक दम टाकीत होती.

वस्तादांनीं दट्ट्या बाहेर काढला. त्याच्या नळकांड्यांत, नवी बंदूक गंजूं नये म्हणून भरलेलें घट्ट ग्रीज तसेंच होतें. हा भाग पुसून कोरडा ठेवावयाचा असतो. पण जवानाला तें कोण सांगणार? सफाईचा तास आम्हींच घेतला होता, आणि जेवणाची वेळ झाली म्हणून हें प्रकरण आम्हींच उद्यांवर टाकलें होतें. तो उद्यां उगवला नव्हता.

ग्रीज काढल्यावर वायूचें प्रमाण ठरविणारें कडें जुळवावयाचें राहिलें. तें उघडलें म्हणजे जास्तीचा वायु निसटून जातो. मिटलें म्हणजे सारा दट्ट्यावर येतो. आम्हीं उतावीळपणें म्हटलें, "पुरतें मिटून टाका." वस्ताद हंसले. "लागेल तेवढाच जोर द्यावा, साहेब. जास्त दिला तरी ती चालेल, पण आपल्याच धक्क्यानें झिजेल." एकेक खाच मिटीत ते बंदूक सुरळीत चालूं लागेपर्यंत गेले, आणि वर दोन खाचा अधिक मिटून थांबले.

तोंवर जवान फेऱ्या संपवून धापा टाकीत आला. त्यानें बंदूक घेतली. वीसही गोळ्या न अडतां सुटल्या. तो आमच्याकडे पाहून हंसला. त्या हंसण्यांत रोष नव्हता, हेंच आम्हांस अधिक बोचलें. दोष आमचा होता, इतकें सर्वांसमक्ष सांगण्याचें धैर्य त्या दिवशीं आम्हांस झालें नाहीं. "ठीक आहे," एवढेंच आम्ही बोललों.

बंदुकीच्या नळकांड्यांतलें ग्रीज अर्ध्या घटकेंत निघालें. आमच्या गळ्याशीं अडलेले ते दोन शब्द मात्र आज साठ वर्षांनीं, या कागदावर, प्रथमच सुटत आहेत.