इंजिनावरची अक्षरे




टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर खोळंबणे बेळगावकरांना नवे नाही. पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट ही तर आपल्या पत्त्यांतली नावे आहेत. शहरात उड्डाणपूल झाले तरी मालगाडी दिसली की मुले अजून वाघिणी मोजतात. निपाणीत रेल्वेच नाही, त्यामुळे तिकडून आलेल्या मुलांना तर याचे जास्तच कौतुक असते. मात्र वाघिणी मोजणारे पुष्कळ आणि इंजिनावर लिहिलेली अक्षरे वाचणारे थोडे. आठवीतल्या एका विद्यार्थ्याने ती वाचली आणि मला विचारले, "सर, ही अक्षरे कुणासाठी लिहितात? प्रवाशांना तर त्यांचा काही उपयोग नाही."

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर मला सर्वांसमोर मांडावेसे वाटते, कारण त्यातूनच आपल्या शाळेपुढच्या एका विषयाकडे यायचे आहे.

डब्ल्यूडीजी-४ असे एका इंजिनावर लिहिलेले असते. हुबळीच्या शेडमध्ये ही इंजिने १९९९ नंतर आली आणि आपल्या भागात ती सर्वांनी पाहिलेली आहेत. पहिले अक्षर रुळांची रुंदी सांगते. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज. मिरज-लोंढा मार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेज होता, म्हणून पालकांपैकी अनेकांनी लहानपणी वायडीएम-४ इंजिने पाहिली असतील. दुसरे अक्षर ऊर्जा सांगते. डी म्हणजे डिझेल, ए म्हणजे एसी विजेवर चालणारे. तिसरे अक्षर काम सांगते. जी म्हणजे मालगाडी, पी म्हणजे प्रवासी गाडी, एम म्हणजे दोन्ही.

शेवटचा आकडा मात्र फसवा आहे. डब्ल्यूडीजी-४ मधला चार म्हणजे चार हजार अश्वशक्ती. मग डब्ल्यूएजी-९ हे विजेचे इंजिन नऊ हजारांचे असले पाहिजे, असे कोणालाही वाटेल. पण ते आहे सुमारे सहा हजारांचे. विजेच्या इंजिनात तो आकडा शक्तीचा नसून मालिकेचा क्रम आहे. आकडा खरा असतो, पण तो कशाचा आहे हे माहीत नसेल तर वाचणाऱ्याची फसगत होते.

या अक्षरांचा वाचक कोण? यार्डात रात्री दोन वाजता गाडीला इंजिन जोडणारा कर्मचारी, पुढच्या स्टेशनवर गाडी ताब्यात घेणारा लोको पायलट, दुसऱ्या विभागातल्या शेडमधला फिटर. इंजिन कोठून आले, त्याच्या पोटात काय आहे हे त्यांना ठाऊक नसते आणि उघडून पाहायला वेळही नसतो. म्हणून आतले बाहेर लिहावे लागते. अमेरिकेत तर प्रत्येक इंजिनाचे पुढचे टोक कोणते, हे एफ अक्षर लिहून दाखवण्याचा सरकारी नियम आहे. दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या इंजिनाला 'पुढे' म्हणजे कोणीकडे, यावर वाद व्हायला नको.

आता आपल्या जवळच्या घाटाकडे येऊ. कॅसलरॉक ते कुळे या घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. दूधसागरचा धबधबा पाहायला जाणाऱ्यांनी हा मार्ग पाहिला आहे. मुरगाव बंदरातून कोळसा भरून येणारी मालगाडी हा घाट चढते तेव्हा पुढे इंजिने असतातच, शिवाय मागूनही इंजिने ढकलत असतात. त्यांना बँकर म्हणतात. कसारा-इगतपुरी आणि कर्जत-लोणावळा या घाटांतही चढ तेवढाच आणि व्यवस्थाही तीच.

सगळी इंजिने पुढेच का जोडत नाहीत? कारण मग संपूर्ण गाडीचे ओझे पहिल्या वाघिणीच्या कपलिंगवर येते. इंजिनात जोर कितीही असला तरी कपलिंगची ताकद ठरलेली असते. ते तुटले तर पुढची इंजिने मोकळी होतात आणि गाडी मागे राहते. निम्मा जोर मागे लावला की कोणत्याच कपलिंगवर सगळा भार येत नाही.

ब्रेकचेही तसेच आहे. मालगाडीचे ब्रेक हवेच्या नळीवर चालतात. पुढच्या इंजिनातून नळीतला दाब कमी केला की ब्रेक लागतात, पण हा बदल शेवटच्या वाघिणीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. गाडी जितकी लांब, तितका उशीर जास्त. तोवर पुढच्या वाघिणी थांबू लागलेल्या असतात आणि मागच्या त्यांना रेटत असतात.

बँकर इंजिनात वेगळा लोको पायलट असतो आणि पुढच्या-मागच्यांचा मेळ शिट्टीच्या खुणांनी व वॉकीटॉकीने घातला जातो. याच्या पुढची पायरी म्हणजे मधल्या किंवा मागच्या इंजिनाला रेडिओवरून हुकूम देणे. अमेरिकेत १९६० च्या दशकात लोकोट्रोल नावाने ही यंत्रणा आली. आपल्या रेल्वेत तिला डिस्ट्रिब्युटेड पॉवर वायरलेस कंट्रोल सिस्टीम, थोडक्यात डीपीडब्ल्यूसीएस म्हणतात. पुढच्या लोको पायलटने जोर वाढवला की मागचे इंजिन जोर वाढवते. त्याने ब्रेक लावला की मागचे इंजिनही आपल्या जागेवरून नळीतला दाब कमी करते, त्यामुळे ब्रेक सगळीकडे लवकर लागतात. बोगद्यात किंवा डोंगराआड रेडिओ तुटला तरी हवेची नळी असतेच. नळीतला दाब घटल्याचे मागच्या इंजिनाला कळले की ते ढकलणे सोडून देते.

या मार्गाने जगात अचाट गाड्या चालल्या. २१ जून २००१ रोजी ऑस्ट्रेलियात लोहखनिजाची ६८२ वाघिणींची, सात किलोमीटरहून लांब गाडी आठ इंजिनांनी नेली आणि चालवणारा होता एकच माणूस. आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२२ रोजी 'सुपर वासुकी' धावली. पाच मालगाड्या एकत्र जोडून २९५ वाघिणी, सहा इंजिने, साडेतीन किलोमीटर लांबी. ऑगस्ट २०२५ मध्ये 'रुद्रास्त्र' ही ३५४ वाघिणींची, साडेचार किलोमीटरची गाडी सात इंजिनांनी नेली. या दोन्ही गाड्यांत इंजिने गाडीच्या लांबीत ठिकठिकाणी वाटून लावलेली होती.

आता पुन्हा त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. दोन डब्ल्यूएजी-९ इंजिने शेजारी उभी आहेत. रंग तोच, आकडा तोच, अश्वशक्ती तीच. एकात ही रेडिओ यंत्रणा बसवलेली आहे, दुसऱ्यात नाही. बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून ते लिहूनच ठेवावे लागते, इंजिनाच्या अंगावर किंवा निदान शेडच्या नोंदीत. नाहीतर एखादे दणकट इंजिन गाडीच्या मध्यावर जोडले जाईल आणि पुढच्याचे काहीच ऐकू न आल्यामुळे ते नुसते ओझे होऊन बसेल.

या खुणेच्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. ती इंजिनाची शक्ती सांगत नाही, ते इतरांबरोबर काम करू शकते का एवढेच सांगते. दुसरे म्हणजे ही क्षमता जन्मजात नसते. जुन्या इंजिनातही यंत्रणा नंतर बसवता येते. आणि तिसरे, यंत्रणा असलेले तेच इंजिन आज पुढे राहून हुकूम देते, तर उद्या मागे राहून हुकूम पाळते.

पालकहो आणि विश्वस्तहो, आता शाळेकडे येतो. येत्या जूनपासून आठवीच्या तुकड्या मागील वर्षाच्या गुणांवरून पाडाव्यात, पहिल्या चाळीस क्रमांकांची 'अ' तुकडी करावी, अशी मागणी काही पालकांनी केली आहे. त्यांचा हेतू वाईट नाही. हुशार मुलांना वेगाने पुढे नेता येईल, दहावीचा निकाल वाढेल, शाळेचे नाव होईल, असे त्यांना वाटते. शिक्षकांनाही एकसारख्या मुलांचा वर्ग शिकवायला सोपा जातो, हे मी नाकारत नाही. विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत यावर निर्णय व्हायचा आहे. तिथे मी विरोधी मत देणार आहे, आणि ते आधी सर्वांना कळावे म्हणून येथे लिहीत आहे.

सगळी इंजिने पुढे जोडण्याचाच हा प्रकार आहे. 'अ' तुकडी सुसाट जाईल, यात शंका नाही. पण 'ब' आणि 'क' तुकडीत गणित समजावून सांगणारा मित्र बाकावर शेजारी नसेल. आपल्या सीमाभागातली मुले घरी मराठी, बाजारात कानडी, दूरदर्शनवर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशी चार भाषांत वावरतात. शिक्षकाने एकदा सांगितलेले ज्याला कळले नाही, त्याला ते शेजारचा मुलगा आपल्या बोलीत दोन वाक्यांत समजावतो. ही मदत वेळापत्रकात कोठे लिहिलेली नसते, पण वर्ग तिच्यावरच चालतो.

मात्र नुसते हुशार मूल मध्ये बसवले की झाले, असेही नाही. ज्याला दुसऱ्याचे ऐकण्याची सवय नाही, ते यंत्रणा नसलेल्या इंजिनासारखे असते. सवय लावावी लागते आणि ती लागली की नाही हे लिहूनही ठेवावे लागते. आपले प्रगतीपुस्तक मी पुन्हा वाचून पाहिले. त्यात टक्के आहेत, श्रेणी आहे, क्रमांक आहे, उपस्थिती आहे. म्हणजे अश्वशक्ती सगळी आहे. हे मूल न समजलेल्याला समजावते का, गटात दुसऱ्याने पुढाकार घेतला तर त्याला साथ देते का, अडल्यावर विचारते का, यासाठी एक ओळसुद्धा नाही. मग तुकड्या पाडताना आपल्या हाती टक्के सोडून दुसरे काय असणार?

शिवाय टक्क्यांचा आकडा कशाचा, हेही आपण नेहमी पाहत नाही. ज्या मुलीने घरी आईबरोबर विड्या वळून उरलेल्या वेळात अभ्यास करून ६२ टक्के मिळवले, तिचे ६२ आणि शिकवणी लावून मिळवलेले ६२ यांची मालिका वेगळी आहे. माध्यमाचेही तसेच. मी हिंदी माध्यमातून पदवीधर झालो आणि मराठी शाळेत आयुष्य घालवले. दाखल्यावरचे 'माध्यम' माणूस कोणत्या रुळांवरून आला एवढे सांगते. इंजिनाची गेज सहसा बदलत नाही, माणसाची बदलते. आपली मुले तर रोज बदलतात.

म्हणून माझा प्रस्ताव असा. तुकड्या आहेत तशाच, मिश्र ठेवाव्यात. प्रत्येक वर्गात चार-चार मुलांचे गट करावेत आणि गटाचा प्रमुख दर महिन्याला बदलावा, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या मुलालाही मागे राहून काम करावे लागेल आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही पुढे यावे लागेल. वेगाने जाणाऱ्यांसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर जादा तास मी स्वतः घेईन. तो सर्वांना खुला असेल. प्रगतीपुस्तकात 'इतरांबरोबर काम' अशी एक जागा करावी. तिथे वर्गशिक्षकांनी 'चांगला', 'समाधानकारक' असे न लिहिता, मुलाने प्रत्यक्ष काय केले ते एका वाक्यात लिहावे. आणि ती ओळ प्रत्येक सत्रात नव्याने लिहावी. यंत्रणा बिघडली तरी अंगावरची अक्षरे तशीच राहिली तर ती न लिहिण्यापेक्षा वाईट. तसेच गेल्या वर्षी 'मिसळत नाही' असा शेरा मिळालेले मूल यंदा मिसळू लागले असेल, तर जुना शेरा त्याच्या पाठीला चिकटून राहू नये.

ही ओळ आपण कोणासाठी लिहायची? बक्षीस समारंभासाठी नाही. पुढच्या वर्षी ज्या शिक्षकाच्या हाती हे मूल जाईल, त्याच्यासाठी. नववीनंतर जे निपाणीला, कोल्हापूरला किंवा हुबळीला जातील, त्यांच्या नव्या शाळेसाठी. ते लोक आपल्या मुलाला ओळखत नाहीत. आपण लिहिले तेवढेच त्यांना दिसणार आहे.

पालकांनी आपले मत लेखी स्वरूपात कार्यालयात आणून द्यावे. ज्यांचे मत माझ्याविरुद्ध आहे, त्यांनी तर अवश्य द्यावे. सर्व पत्रे मी बैठकीत वाचून दाखवीन.

आपला,
मुख्याध्यापक