ग्रंथपाल मोजायचा कसा?

मामेबहीण बी.लिब. करायचं म्हणतेय. शाळेत ग्रंथपाल व्हायचंय तिला. 'तू कॉम्प्युटरवाला, स्कोप आहे का बघ' म्हणून घरच्यांनी काम माझ्या गळ्यात मारलं. तर मंडळी, या वीकेंडला आकडे चाळत बसलो.

सगळ्यात नीट मांडलेला अभ्यास सापडला तो अमेरिकेतला, कीथ करी लान्स आणि डेब्रा कॅचेल यांचा, २०२१ सालचा. तिथे माणसं मोजत नाहीत, एफटीई मोजतात. आपल्या प्रोजेक्ट प्लॅनसारखंच! दोन शाळांत धावणारा ग्रंथपाल अर्धा इथे, अर्धा तिथे. या हिशेबाने २००९-१० ते २०१८-१९ या काळात तिथले शालेय ग्रंथपाल जवळजवळ २० टक्क्यांनी घटले.

आता आपल्याला पहिली शंका येणार ती डेटावर. पद तेच, पाटी बदलली असेल तर? गंमत म्हणजे अभ्यासाच्या नावातच हा प्रश्न आहे: ऱ्हास की उत्क्रांती? पण त्याच वर्षांत शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या समन्वयकांची पदं सुमारे एक तृतीयांशाने वाढली, प्रशासकांचीही वाढली. म्हणजे 'पैसे नाहीत' हे कारण पुरत नाही. पैसे होते, ते दुसरीकडे गेले. आणि एकदा गेलेला ग्रंथपाल सहसा परत येत नाही, हेही दिसलं.

आपल्याकडे काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलंय. वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं, सगळं आहे. ग्रंथपाल मात्र नाही! महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळांत हे पद विद्यार्थ्यांच्या पटावर ठरतं, आणि 'अर्धवेळ ग्रंथपाल' हे तर चक्क पदाचं नाव. अमेरिकेतला कागदावरचा अर्धा माणूस इथे हाडामांसाचा, अर्ध्या पगारावर घर चालवणारा.

बहिणीला सांगितलं, बी.लिब. जरूर कर, पण एकट्या शाळेच्या भरवशावर राहू नकोस. कॉलेजं, संशोधन संस्था, कंपन्यांची माहिती केंद्रं, सगळीकडे अर्ज टाक. तिला पटलं, आवडलं नाही. मलाही नाही आवडलं.

असो. तुमच्यापैकी बरेच जण लवकरच मुलांच्या अॅडमिशनसाठी शाळा बघत फिराल. ग्रंथालयाची चकचकीत खोली दाखवतील. तेव्हा पुस्तकं किती हे विचारू नका. इथे कोण बसतं आणि आठवड्यातून किती तास, एवढंच विचारा.